लेगला सात फिल्डर लावले तर चुकलं काय?

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे सुटलं ते इथे थोडं नीट केलंय, आणि जिथे मी उगाच हसलो ते काढलंय.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात भांडणापासून करतो. भांडण माझंच आहे.

मी बारामती तालुक्यातला. आठवडाभर हिंजवडीत कोड लिहितो, शनिवार-रविवार गावाकडे. उन्हाळा सुरू झाला की आमच्याकडे आणि शेजारी इंदापूर तालुक्यात टेनिस बॉलच्या टुर्नामेंट लागतात. आठ ओव्हरच्या मॅच, मांडव, माईकवर अखंड बडबडणारा कॉमेंटेटर, बक्षिसात ट्रॉफी आणि रोख. आमच्या ग्राउंडला एका बाजूला ऊस आहे आणि दुसऱ्या बाजूला पाट. बॉलिंग एकाच एन्डनं होते. त्यामुळे उजव्या हाताच्या बॅट्समनची लेग साइड म्हणजे ऊस, आणि उसात बॉल गेला की दोनच रन, मग तो कितीही उंच जाऊ दे. डावखुऱ्याची लेग साइड पाटाकडे. तिथे मोकळं रान. मारा चौकार, मारा षटकार.

आता इंदापूरकडच्या एका टीममध्ये एक डावखुरा दादा आहे. नाव सांगत नाही, पण त्या भागातली पोरं ओळखतील. तो माणूस सगळं लेगला मारतो. ऑफस्टंपच्या बाहेरचा बॉल असला तरी ओढून लेगला. मी काय केलं, क्रिकहिरोज ॲपवर त्याच्या जुन्या मॅचचे स्कोअर होते, ते काढून बसलो. काही आपल्याच पोरांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ होते, ते बघितले. ६१ शॉट मोजले. त्यातले ४९ लेगला. मग सेमीफायनलला मी कॅप्टनला म्हणालो, याला लेगला सात लाव, ऑफला दोनच ठेव. कॅप्टननं आधी मला वेड्यात काढलं, मग लावले. दादा ९ बॉलमध्ये ६ रन करून पाटाच्या कडेला कॅच देऊन गेला. जाताना माझ्याकडं बघून म्हणाला, “काय लगा इंजिनिअर, लॅपटॉप घेऊन खेळायला आलाय का?”

ती टुर्नामेंट आम्ही जिंकली. पण पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका टुर्नामेंटच्या फायनलला तीच टीम समोर आली. टॉसच्या आधी कमिटीनं माईकवर सांगितलं, लेगला पाचपेक्षा जास्त फिल्डर चालणार नाहीत, आयसीसीचा नियम आहे. फायनलला! टॉसच्या आधी! दादानं १८ बॉलमध्ये ४७ मारले आणि आम्ही हरलो.

मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. सगळ्यात जास्त राग याचा की त्यांचं म्हणणं खरं निघालं. आयसीसीच्या वनडे आणि टी-ट्वेंटीच्या नियमांत लेग साइडला पाचच्या वर फिल्डर ठेवता येत नाहीत, ठेवले तर नोबॉल. पण कसोटीत असं नाही. कसोटीत लेगला नऊ लावा, फक्त स्क्वेअरच्या मागे कीपर सोडून दोनपेक्षा जास्त नकोत. म्हणजे माझी सात-दोनची फिल्डिंग लॉर्ड्सवर कसोटीत चालली असती, आणि आमच्या पाटाच्या कडेला बाद.

मग हे दोन आणि पाच आकडे आले कुठून? तिथून मी वाचायला लागलो.

या गोष्टीतला खलनायक मुंबईचा आहे. खरंच. डग्लस जार्डिन, जन्म २३ ऑक्टोबर १९००, मलबार हिल. वडील मुंबईत बॅरिस्टर होते. पोरगं पुढे विलायतेला गेलं, इंग्लंडचा कॅप्टन झालं आणि १९३२-३३ ला टीम घेऊन ऑस्ट्रेलियाला गेलं. समोर डॉन ब्रॅडमन. त्या काळात ब्रॅडमनला आऊट करणं म्हणजे काय, तर १९३० च्या मालिकेत त्यानं इंग्लंडविरुद्ध पाच कसोटीत ९७४ रन केले होते. जार्डिननं अभ्यास केला. हॅरोल्ड लारवूडसारखा वेगवान बॉलर घेतला, बॉल अंगावर टाकायला लावला, आणि लेगला बॅट्समनच्या अगदी जवळ फिल्डरांचं कडं उभं केलं. अंग वाचवायला बॅट मध्ये घातली की कॅच. हुक मारला तर मागे सीमेवर माणूस. इंग्लंड ४-१ नं जिंकलं. ब्रॅडमनची सरासरी त्या मालिकेत ५६ वर आली. तुमच्या-माझ्यासाठी ५६ म्हणजे स्वप्न, पण त्याच्यासाठी ती घसरण होती.

ॲडलेडला जानेवारी १९३३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन वुडफुल याला छातीवर बॉल लागला, कीपर ओल्डफिल्डची कवटी फुटली. दोन देशांच्या बोर्डांमध्ये तारा गेल्या-आल्या, राजकारण तापलं. इथे एक बारीक गोष्ट आहे जी बरेच जण सांगत नाहीत. ओल्डफिल्डला तो बॉल लागला तेव्हा लेगचं कडं लावलेलंच नव्हतं, फिल्डिंग साधी होती. म्हणजे इजा झाली ती बॉलमुळे. फिल्डर कुठे उभा होता यानं कवटी फुटत नाही.

आणि नियम बनवणाऱ्यांनाही ते कळलं असावं, कारण आधी जो उपाय झाला तो बॉलरवर. अंगावर रोख धरून मारा करणाऱ्याला थांबवायचा अधिकार अंपायरला दिला. लेगच्या फिल्डरांची संख्या मोजायची भानगड पुष्कळ नंतर, १९५० च्या दशकात आली. आणि तीही भीतीपोटी नाही, कंटाळ्यापोटी! इंग्लंडमध्ये ऑफस्पिनर आणि इनस्विंगवाले लेगस्टंपवर बॉल टाकायचे, लेगला जाळं लावायचे, रन निघेनात, प्रेक्षक जांभया द्यायला लागले. तेव्हा प्रयोग म्हणून मर्यादा आली: लेगला पाच, त्यातले मागे दोन. पुढे ‘मागे दोन’ हा भाग मुख्य नियमांत पक्का झाला. आपण शाळेत शिकतो की हा नियम बॉडीलाइनमुळे आला. अर्धं खरं आहे, अर्धं नाही.

जार्डिनचं अजून एक. त्याच हिवाळ्यानंतरच्या हिवाळ्यात, डिसेंबर १९३३ मध्ये, भारतातली पहिली कसोटी झाली मुंबईत, बॉम्बे जिमखान्यावर. इंग्लंडचा कॅप्टन हाच. आपले कॅप्टन सी. के. नायडू. लाला अमरनाथनं पदार्पणात ११८ मारले, तेही आपल्याच गावी जन्मलेल्या या माणसाच्या फिल्डिंगसमोर. असो, हे आपलं उगाच, पण मला आवडतं.

आता वनडेकडे येऊ, कारण माझ्या भांडणाचा संबंध तिथे जास्त आहे.

भारताची पहिली वनडे १३ जुलै १९७४, लीड्स. कॅप्टन अजित वाडेकर. तेव्हा मैदानावर सर्कल नावाची गोष्टच नव्हती. पुढच्या वर्षी लॉर्ड्सला गावसकरांनी ६० ओव्हर उभं राहून १७४ बॉलमध्ये नाबाद ३६ केले, तेव्हाही नव्हती. (ते का केले हा वेगळा एपिसोड. मला त्याची उत्तरं मेसेज करू नका.)

मग आला २८ नोव्हेंबर १९७९. सिडनी, इंग्लंड विरुद्ध वेस्ट इंडीज. शेवटचा बॉल, वेस्ट इंडीजला जिंकायला तीन हवेत, समोर कॉलिन क्रॉफ्ट, म्हणजे अकरा नंबरचा माणूस. बॉलर इयान बॉथम. इंग्लंडचा कॅप्टन माइक ब्रेअर्ली यानं काय केलं असेल? सगळे फिल्डर सीमेवर. सगळे म्हणजे विकेटकीपरसुद्धा! डेव्हिड बेअरस्टो ग्लोव्ह्ज घालून बाउंड्रीवर उभा. नियमात कुठेच लिहिलं नव्हतं की असं करू नका. इंग्लंड दोन रननी जिंकलं.

हा माणूस पुढे मनोविश्लेषक झाला, ते उगाच नाही.

कोड लिहिणाऱ्या कुणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. सिस्टीममध्ये भोक आहे, कुणीतरी ते शोधलं, त्यात शिरला, आणि त्याची काही चूक नाही. त्यानंतर पॅच येतो. इथे पॅच आला ३० यार्डांच्या सर्कलचा. त्याआधी केरी पॅकरच्या खासगी क्रिकेटमध्ये तो वापरून झाला होता, नंतर तो सगळीकडे पसरला. ठराविक माणसं आत पाहिजेतच.

या पॅचला माझा पूर्ण पाठिंबा आहे. दहाच्या दहा माणसं सीमेवर गेली की बॅट्समनकडे हुशारीनं करायला काही उरतच नाही. माझ्या सात-दोनमध्ये दादाकडे अख्खी ऑफ साइड होती. दोघांत फरक आहे.

पण पॅचची सवय लागते. १९९२ च्या वर्ल्ड कपला पहिल्या १५ ओव्हर बाहेर फक्त दोन फिल्डर. हेतू चांगला होता, सुरुवातीला जरा मजा यावी. चार वर्षांनी जयसूर्या आणि कालुवितरणा आले आणि त्या १५ ओव्हरचं सोनं केलं. दिल्लीत आपल्याविरुद्ध पहिल्या तीन ओव्हरमध्ये ४२! सचिनचे १३७ वाया गेले. २००५ मध्ये पॉवरप्ले हे नाव आलं, मग बॅटिंग पॉवरप्ले, मग त्याचे नियम दर दोन-तीन वर्षांनी बदलत राहिले. आमच्या बारामतीचे शरद पवार २०१० ते २०१२ आयसीसीचे अध्यक्ष होते, त्या काळात ऑक्टोबर २०११ पासून वनडेत दोन्ही एन्डनं वेगवेगळा नवा चेंडू सुरू झाला. आणि त्यांच्यानंतर, ऑक्टोबर २०१२ च्या शेवटी, मला ज्यावर बोलायचंय तो बदल आला. पॉवरप्ले नसतानाही सर्कलबाहेर पाचऐवजी चारच फिल्डर.

एक माणूस कमी. दिसायला काहीच नाही. आता आकडे बघा.

१९७१ ला वनडे सुरू झाली. तेव्हापासून ऑक्टोबर २०१२ पर्यंत पुरुषांच्या वनडेत द्विशतकं किती? दोन. सचिन, ग्वाल्हेर, २४ फेब्रुवारी २०१०, नाबाद २००. आणि सेहवाग, इंदूर, डिसेंबर २०११, २१९. (पुरुषांच्या म्हणालो, कारण त्याच्या खूप आधी, डिसेंबर १९९७ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कनं मुंबईत नाबाद २२९ केले होते. क्विझला उपयोगी.) चार फिल्डरच्या नियमानंतर २०१५ च्या वर्ल्ड कपपर्यंत, म्हणजे अडीच वर्षांत, चार. रोहित २०९, रोहित २६४, गेल २१५, गप्टिल नाबाद २३७. आपला नागपुरात जन्मलेला आणि बोरिवलीत वाढलेला रोहित एकट्यानं दोनदा.

सगळं त्या एका फिल्डरमुळे झालं असं मी म्हणणार नाही. दोन नवे चेंडू असल्यामुळे चेंडू जुना होईना, रिव्हर्स स्विंग गेला. बॅटी जाड झाल्या. टी-ट्वेंटी खेळून खेळून पोरांचे हात मोकळे झाले. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या की कोणत्या बदलानं काय झालं हे सांगता येत नाही, हे ऑफिसमध्ये मी रोज मॅनेजरला समजावतो. पण स्पिनरला विचारा. डीप मिडविकेट आणि लाँगऑन दोन्ही ठेवायचे तर पॉइंट किंवा फाइन लेग उघडा टाकावा लागायचा. बॅट्समनला आधीच कळायचं बॉल कुठे पडणार. २०१५ च्या जुलैमध्ये आयसीसीनं शेवटच्या दहा ओव्हरसाठी पाचवा माणूस परत दिला आणि बॅटिंग पॉवरप्ले काढून टाकला. म्हणजे त्यांनाही जाणवलं.

हीच भानगड अमेरिकेत बेसबॉलमध्ये झाली, आणि तिथला किस्सा ऐकून मला वाटलं की आमचा दादा तिकडेच जन्मायला हवा होता. बेसबॉलमध्ये पुढच्या भागात चार फिल्डर असतात, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. १४ जुलै १९४६ ला बोस्टनच्या टेड विल्यम्सनं, तोही डावखुरा, तोही सगळं एकाच बाजूला ओढणारा, पहिल्या मॅचमध्ये तीन होमरन मारले. त्याच दिवशी दुसरी मॅच होती. क्लीव्हलँडचा खेळाडू-मॅनेजर लू बूड्रो यानं जवळजवळ सगळी टीम उजवीकडे सरकवली. डावीकडे रान मोकळं. विल्यम्सनं काय करावं? डावीकडे हळूच ढकलला तरी रन. पण बहुतेक वेळा तो उजवीकडेच मारत राहिला. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजला सेंट लुईसनंही तीच फिल्डिंग लावली आणि २५ वेळा खेळून त्याला पाचच हिट मिळाले.

मात्र त्याच सप्टेंबरमध्ये, क्लीव्हलँडविरुद्धच, एकदा त्यानं बॉल डावीकडच्या मोकळ्या रानात मारला. कुणी नव्हतंच तिथे. बॉल येईपर्यंत हा चारही बेस पळून घरी. अख्ख्या करिअरमधला त्याचा मैदानातल्या मैदानात पळून काढलेला एकमेव होमरन. बोस्टन १-० नं जिंकलं आणि लीगचं जेतेपद पक्कं झालं.

पुढे कॉम्प्युटर आले, प्रत्येक बॅटरचा प्रत्येक फटका मोजला जायला लागला, आणि जे विल्यम्ससाठी खास होतं ते रोजचं झालं. सगळ्यात जास्त मार बसला डावखुऱ्यांना. उजवीकडे पहिला बेस जवळ, त्यामुळे तिकडे मागे सरकलेला फिल्डरही आरामात थ्रो करतो. उजव्या हाताच्या बॅटरविरुद्ध डावीकडे गर्दी केली तर थ्रो लांब पडतो. म्हणजे मैदानाचा आकारच एका जातीच्या खेळाडूविरुद्ध. आमच्या उसासारखाच प्रकार, फक्त उलटा. शेवटी २०२३ पासून मेजर लीगनं नियम केला: दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फिल्डर, आणि चौघांचे पाय पुढच्या भागातच. निकाल? लीगची बॅटिंग सरासरी .२४३ वरून .२४८. हजार वेळा खेळल्यावर पाच हिट जास्त. त्याच वर्षी बॉल टाकायला घड्याळही लावलं, बेसही मोठे केले. म्हणजे त्यातलं नेमकं किती या नियमाचं, ते पुन्हा गुलदस्त्यात.

इतकं सगळं बघून मला आपली कबड्डी आठवली. कबड्डीत पकड करणारे सात जण कुठे उभे राहतील हे नियम सांगतो का? नाही. साखळी करा, कोपरे धरा, सगळे मागे जा, तुमची मर्जी. नियम काय करतो, तर भाव बदलतो. सहा किंवा जास्त जण मैदानात असतील तरच चढाईवाल्याला बोनस रेषेचा गुण. तीन किंवा कमी उरले आणि तरी पकडला, तर सुपर टॅकल, एकाऐवजी दोन गुण. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय. कुणाला ‘इथे उभा राहू नको’ म्हटलेलं नाही, पण खेळ थांबतही नाही. मला हे क्रिकेटपेक्षा जास्त हुशारीचं वाटतं. कबड्डी खेळणाऱ्या मित्रांनो, हे कौतुक जपून ठेवा, पुढच्या वेळी मी बोनसवरून भांडणार आहे.

आता हे सगळं मी का सांगतोय? कारण या वर्षी एका टुर्नामेंटचं नियमपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलंय. “तू लय वाचतो ना, मग तूच लिही,” असं कमिटीचे अण्णा म्हणाले, आणि त्यात टोमणा किती आणि विश्वास किती ते मला अजून कळलेलं नाही. कुणी म्हणतं लेगला पाचच ठेव, कुणी म्हणतं चार. दादाच्या टीमनं निरोप पाठवलाय की नियम आधी कळवा, टॉसला नको. ते मात्र शंभर टक्के बरोबर. माझी मागच्या वर्षीची तक्रार तीच होती आणि त्यांचीही तीच निघाली.

मी लिहिलंय ते असं. ब्रेअर्लीसाठी एक ओळ: कीपर आणि बॉलर सोडून किमान तीन जण सर्कलच्या आत, शेवटच्या बॉललाही. लेगला किती, यावर मर्यादा नाही. पण एखाद्या बाजूला तीनपेक्षा कमी फिल्डर असतील, तर त्या बाजूला मारून पळून काढलेल्या रनला एक रन जादा. लावा सात, पण मग ऑफला ढकललेली एक म्हणजे दोन. दादानं हळूच ढकलायला शिकावं, नाहीतर आम्ही सात लावून किंमत मोजावी.

रविवारी अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, सगळं ऐकलं, आणि विचारलं, “अन् हे माईकवाल्याला कोण समजावणार? त्याला साधा बाय कळत न्हाय.”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. स्कोअर ॲपवर ठेवतो, त्यात जादा रन कुठे टाकायची हेही अजून सापडलेलं नाही. वाइड म्हणून टाकली तर बॉल मोजला जात नाही, बाय म्हणून टाकली तर बॅट्समनच्या खात्यात येत नाही, आणि दादा त्याच्या खात्यावरून भांडल्याशिवाय राहणार नाही. पुढच्या शनिवारी आमच्या आणि इंदापूरच्या पोरांची एक साधी मॅच ठेवलीय, या नियमानं, कागदावर स्कोअर लिहून. दादा येतोय म्हणाला. मी स्कोअरर.